शेळी की मेंढी: कुंभारीच्या वस्तीवरील एक मीमांसा

सोलापूर शहराच्या आग्नेयेस, अक्कलकोट रस्त्यालगत वसलेल्या आणि दक्षिण सोलापूर तालुक्यात मोडणाऱ्या कुंभारी या गावाच्या शिवारात ज्या कुटुंबाकडे दोन-तीन एकर जिरायत जमीन, उन्हाळ्यात भरवसा न देणारी एक विहीर, बांधावर चार बाभळी व एक लिंब आणि या सर्वांच्या मधोमध पत्र्याचे दोन खोल्यांचे घर (ज्याला या भागात ‘वस्ती’ म्हणतात, मग त्यात माणसे चारच का असेनात) एवढी सामग्री असते, त्या कुटुंबापुढे केव्हा ना केव्हा एक प्रश्न उभा राहतो. म्हैस परवडत नाही, बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आणि कोंबड्यांचा हिशेब मुंगसाने मिटवला. तेव्हा दारात बांधायचे काय, शेळी की मेंढी? वरवर पाहता हा प्रश्न पशुसंवर्धनाचा वाटतो आणि म्हणून तो पशुवैद्यकाला विचारला जातो. वस्तुतः त्यात शेजारधर्म, कोंडवाड्याचा कायदा, देवदैवत आणि घरातील सत्तेची वाटणी इतक्या गोष्टी गुंतलेल्या असतात की त्यांतील एकही पशुवैद्यकाच्या अभ्यासक्रमात नसावी.

शासनाने मात्र हा प्रश्न निर्णायक स्वरूपात मांडला आहे. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या गटवाटप योजनेत अर्जदाराला १० शेळ्या व १ बोकड किंवा १० मेंढ्या व १ नर मेंढा यांपैकी एकच पर्याय निवडावा लागतो. पाच शेळ्या, पाच मेंढ्या आणि नर जो मिळेल तो, अशी सोय त्यात नाही. शासनाची ही ताठर भूमिका या एका बाबतीत तरी जीवशास्त्राला धरून आहे, कारण शेळीच्या पेशीत ६० गुणसूत्रे (म्हणजे आईबापांचे गुण पिल्लात उतरवणारे पेशीतील धागे) असतात आणि मेंढीच्या पेशीत ५४, त्यामुळे दोघांचा संकर सहसा जगत नाही. म्हणजेच मराठी माणसाला अत्यंत प्रिय असलेला ‘दोन्हीतले थोडे थोडे’ हा तोडगा निसर्गानेच बाद ठरवला आहे.

असे असूनही या दोन प्राण्यांतील भेद वाटतो तितका उघड नाही. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात जे उत्खनन केले, त्यात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या जेवणातून उरलेली हाडे मोठ्या संख्येने सापडली. परंतु हाडाच्या तुकड्यावरून ते शेळीचे की मेंढीचे हे सांगणे इतके अवघड असते की पुरातत्त्वज्ञ आपल्या तक्त्यांत ‘मेंढी/शेळी’ असा एकच रकाना करतात आणि मधल्या तिरप्या रेघेवर सगळी जबाबदारी टाकून मोकळे होतात. या उत्खननाच्या आधारे म. के. ढवळीकर यांनी असे मत मांडले की इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेतीचा भरवसा उरला नाही आणि इनामगावकर शेळ्यामेंढ्यांकडे वळले. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही आपल्या लहरीने पडणारा पाऊस पाहिलेल्या सोलापूरकराला हा सिद्धान्त पटवून द्यावा लागत नाही. पाऊस दगा देतो आणि माणूस शेळीकडे पाहू लागतो, ही घटना निदान ३००० वर्षे जुनी असून तेव्हा अर्ज ऑनलाइन भरावा लागत नसे, एवढाच काय तो फरक. जिवंत जनावराच्या बाबतीत मात्र ओळख सोपी आहे: शेपूट वर असेल तर शेळी, खाली असेल तर मेंढी. या शेपटीत दोघींचा संपूर्ण स्वभाव सामावलेला आहे असे मानणारा एक पक्ष आहे आणि पुढील विवेचन बऱ्याच अंशी त्याच पक्षाचे आहे.

शेळीचा विचार करताना प्रथम तिच्या खाण्याचा विचार करावा लागतो, कारण तिच्या संदर्भातील बहुतेक सर्व इतिहास तिथूनच सुरू होतो. मेंढी ही चरणारी आहे, म्हणजे ती मान खाली घालून जमिनीलगतचे गवत कुरतडत पुढे सरकते. शेळी ही पाला खुडणारी आहे, म्हणजे तिची नजर मुळात वर असते आणि गरज पडल्यास ती मागच्या दोन पायांवर उभी राहून, हलत्या वरच्या ओठाने काट्यांमधली नेमकी पाने वेचून काढते. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याआधीच, २००५ साली, डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र शहराजवळच्या केगाव येथे स्थापन झाले. या फळाच्या झाडाला काटे असल्याने त्याच्याजवळ शेळी बांधण्यास हरकत नाही असे ज्याला वाटते, त्याने शेळीला बाभळीचा पाला खाताना पाहिलेले नसते. काटा हा शेळीच्या दृष्टीने अडथळा नसून चटणीसारखा जेवणाच्या कडेला वाढलेला एक प्रकार आहे. तूर, शेवरी, बोर, लिंब, शेजारणीने वाळत घातलेली साडी आणि ग्रामपंचायतीच्या वृक्षारोपणातील रोपे यांच्यात ती कोणताही भेद करत नाही. रोपांच्या बाबतीत तर उद्घाटनाच्या फोटोनंतर त्यांच्याकडे लक्ष देणारी गावातील ती एकटीच असते.

यातून शेजारधर्माचा प्रश्न उद्भवतो. भूमी अभिलेख खात्याने मोजणी करून रोवलेले हद्दीचे दगड शेळीला मान्य नसतात. दाव्याची (म्हणजे जनावर खुंट्याला बांधण्याच्या दोरीची) लांबी शेजाऱ्याच्या तुरीपर्यंतच्या अंतराहून हातभर कमी असावी, हा व्यवहारातील नियम सर्वांना ठाऊक असतो. परंतु ताणलेल्या मानेची लांबी त्यात धरलेली नसते आणि दिवसभर उपसून सैल झालेला खुंटाही धरलेला नसतो. ब्रिटिशांनी १८७१ साली जनावरांच्या अतिक्रमणाविषयी जो कायदा केला, त्यात गुरे या संज्ञेची व्याख्या करताना हत्ती आणि उंटांपासून आरंभ करून शेवट शेळ्या व करडांवर केला आहे. हत्तीने शेतात शिरून केलेल्या नुकसानीची प्रकरणे कुंभारीच्या बाजूला फारशी उद्भवत नाहीत. यादीच्या शेवटच्या टोकाने मात्र कोंडवाडा, पार आणि क्वचित पोलीसपाटील यांना पिढ्यान्‌पिढ्या काम पुरवले आहे. पुढे अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने गाव हिरवे करण्यासाठी जी पंचसूत्री स्वीकारली, तिच्यात नशाबंदी व कुऱ्हाडबंदी यांच्या जोडीला चराईबंदी आली आणि शेळी दारू व कुऱ्हाड यांच्या पंक्तीला जाऊन बसली. हिवरे बाजारचे यश निर्विवाद आहे, तरीही शेळीची बाजू मांडणारा वकील कोणी असताच तर त्याने एक मुद्दा निश्चितच काढला असता: गाय जिथे उपाशी मरते आणि मेंढीला जिथे कुरतडायला काडी उरत नाही, अशा माळावर शेवटी शेळी तेवढी तग धरते, आणि म्हणून उजाड माळावर शेवटी जो सापडतो त्यालाच आरोपी ठरवण्याच्या रिवाजाप्रमाणे माळ तिनेच उजाड केला असे ठरते.

मेंढीवर असा कोणताही आरोप नाही आणि हीच तिची अडचण आहे. संस्कृत पंडितांनी एकामागून एक डोळे मिटून जाण्याच्या प्रवृत्तीला ‘गड्डरिकाप्रवाह’ असे नाव दिले आहे, गड्डरिका म्हणजे मेंढी. या नावात मेंढीची निंदा असली तरी तिच्या शास्त्रीय स्वभावाचे वर्णन अचूक आहे. मेंढी एकवचनात नांदत नाही. एकटी शेळी आठवडाभरात घरच्या माणसांत स्वतःची गणना करू लागते आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हक्क सांगते, तर एकटी मेंढी दिवसभर ओरडते, चारा सोडते, खंगते, आणि मालकाच्या झोपेचीही तीच गत करते. राज्य शासनाने धनगर समाजासाठी २०१७ मध्ये जी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली, तिच्यातही मूळ गट २० मेंढ्या व १ नर असाच धरलेला आहे, आणि वीस मेंढ्या म्हटले की दोन-तीन एकरांचे जिरायत शिवार पुरत नाही. मग मालकाने त्यांच्यामागून चालणे ओघानेच येते: पायांत जाड वहाणा, खांद्यावर घोंगडे, घोड्यावर बिऱ्हाड, आणि रात्री मेंढ्यांभोवती वाघूर, म्हणजे कळप कोंडण्याची जाळी. सोलापूरजवळच्या नान्नज येथे १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य झाले, तिथल्या गवताळ माळांवर लांडगाही राहतो, आणि शेळी-मेंढीतील निवडीचा गोंधळ त्याच्या मनात कधीच नसतो. तात्पर्य, ज्याने मेंढी पाळायचे ठरवले त्याने वस्ती करायची नाही असेही ठरवलेले असते. फक्त हे दुसरे त्याला नंतर कळते.

लोकरीचा उल्लेख येथे करणे भाग आहे, कारण मेंढीच्या बाजूने बोलणारे शहरी पाहुणे हमखास लोकरीपासून सुरुवात करतात. त्यांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या मऊ स्वेटरची लोकर असते. दख्खनी मेंढीची लोकर बहुधा काळी, राठ आणि घोंगडीच्या उपयोगाची असते. मेंढ्या वर्षातून दोनदा कातराव्या लागतात आणि आजच्या भावात कातरण्याची मजुरी लोकरीच्या किमतीला भारी पडते, म्हणून जी कातरणी एके काळी उत्पन्न होती ती आता मेंढीच्या हजामतीचा खर्च झाली आहे. याशिवाय, शेळीसाठी आणलेले खनिज मिश्रण मेंढीपुढे ठेवू नये, अशी एक सूचना तज्ज्ञ देतात, कारण तांब्याची जी मात्रा शेळीला मानवते ती मेंढीच्या यकृतात साठत जाऊन विषासमान होते. दोन्ही प्राणी एका गव्हाणीवर बांधण्याचे स्वप्न पाहणाऱ्याने ही सूचना गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावी.

तथापि मेंढीच्या पक्षाकडे एक असा पुरावा आहे की त्यापुढे सर्व युक्तिवाद निष्प्रभ होतात. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील माडग्याळ या गावावरून ओळखली जाणारी मेंढीची एक जात आहे. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक ही तिची लक्षणे, आणि नाक जितके बाकदार तितकी किंमत जास्त, असा बाजाराचा संकेत. २०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात सांगोला तालुक्यातील अशाच एका मेंढ्याला ७० लाख रुपयांची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगून तो परत घरी नेला, ही बातमी वृत्तपत्रांनी छायाचित्रासह छापली. त्या बातमीने सोलापूर जिल्ह्यातील किती गृहस्थांचा निर्णय रातोरात फिरला असेल याची कल्पनाच करावी लागते. ७० लाखांचा मेंढा आणि वस्तीवरील मेंढी यांचे नाते क्रिकेटचा कसोटीपटू आणि गल्लीत चेंडू टाकणारा मुलगा यांच्या नात्याहून अधिक जवळचे नसते. परंतु बापाच्या मनातील हिशेब अशा नात्यांवरच चालतो.

शेळीच्या बाजूने हेच काम कागद करतो. कागदावरची शेळी ही एक स्वतंत्र जात असून तिचा आढळ प्रकल्प अहवाल, प्रशिक्षण वर्ग आणि मोबाइलवरील चित्रफिती यांत होतो. गाभणकाळ १५० दिवसांचा, म्हणून दोन वर्षांत तीन वेते. उस्मानाबादी शेळीला जुळे होण्याचे प्रमाण चांगले, म्हणून प्रत्येक वेताला दोन करडे. म्हणून १० शेळ्यांपासून दोन वर्षांत ६० करडे. या गुणाकारात चूक काढता येत नाही. मात्र कागदावरच्या शेळीला पीपीआर (शेळ्यामेंढ्यांचा प्लेग म्हणून ओळखला जाणारा, लस टोचून टाळता येणारा रोग) होत नाही, पावसाळ्यात कोवळे गवत अधाशासारखे खाऊन आंत्रविषार होत नाही, तिची करडे थंडीत दगावत नाहीत आणि पाहुणे आले म्हणून त्यांपैकी एखादे कापलेही जात नाही. या कागदाच्या भरवशावर काहीजण बंदिस्त शेळीपालन सुरू करतात, म्हणजे शेळीला चरायला न सोडता गोठ्यातच सर्व चारा पुरवतात; त्यासाठी शेळीच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च करून उंच फळ्यांचा गोठा उभारला जातो, दूरच्या प्रांतांतून भारदस्त नावाचे बोकड आणले जातात आणि बहुतेकदा मालक पुण्याहून फोनवर सूचना देतो. उंटावरून शेळ्या हाकणे हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याच्याकडे फोन नव्हता, हे त्याचे भाग्य म्हटले पाहिजे.

उस्मानाबादी शेळी मात्र या सर्व प्रकारांतून निर्दोष सुटते. शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यावरून नाव पडलेली, बहुधा काळीभोर, सोलापूरच्या उन्हाला सरावलेली ही शेळी दिवसाला अर्ध्या लिटरपासून दीड लिटरपर्यंत दूध देते, म्हणजे घरच्या चहाची सोय होऊन लहान मुलाची वाटी भरते. बोकडाविषयी मात्र स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. माजाच्या दिवसांत बोकड स्वतःच्याच दाढीवर व पुढच्या पायांवर लघवी शिंपडून घेतो आणि त्या दर्पाने माद्या आकर्षित होतात असे शास्त्र सांगते. माद्यांशिवाय इतर कोणी आकर्षित झाल्याची नोंद नाही. म्हणून शहाणी माणसे बोकड दुसऱ्याच्या वस्तीवर असू देतात आणि शेळी तिथे नेऊन आणतात.

देवदैवताचा मुद्दा वगळला तर मीमांसा अपुरी राहील. पुणे जिल्ह्यातील वाडे बोल्हाई येथील देवीचे भक्त शेळी-बोकडाचे मटण खात नाहीत, त्यांना मेंढीचेच चालते, आणि म्हणून पुणे-नगर भागात ‘बोल्हाईचे मटण’ अशा पाट्या दिसतात. अशा कुळातील सोयरा ज्या वस्तीवर येणार असेल तिथे केवळ शेळ्या असून भागत नाही. मेंढीचा देव तर मेंढीइतकाच फिरता: मंगळवेढा तालुक्यातील हुलजंती येथे दिवाळीत बिरोबा व महालिंगराया यांच्या पालख्यांची भेट होते आणि महाराष्ट्र-कर्नाटकाचा धनगर समाज तिथे लोटतो. शेळीच्या वाट्याला असा सोहळा आलेला नाही. देवांशी तिचा संबंध आला तो बहुधा ताटाच्या बाजूने.

मेंढीने एकाच वेळी एकच कोकरू द्यावे आणि शेळीने जुळी, हा अन्याय दूर करण्याचा प्रामाणिक प्रयत्न फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने केला. बंगालमधील सुंदरबनच्या दलदलीत राहणारी गारोळ नावाची मेंढी अंगाने अगदी लहान, पण तिच्यात जुळी-तिळी देणारे एक जनुक असते. ते जनुक संकरातून दख्खनी मेंढीत आणून संस्थेने जुळी देणारी ‘सुवर्णा’ मेंढी तयार केली. हे काम जगभर वाखाणले गेले. कुंभारीच्या दृष्टीने मात्र अडचण कोकरांच्या संख्येची नव्हतीच. ती चालायची कोणी, ही होती.

कुंभारीत वस्तीच्या व्याख्येलाही आता एक जोड मिळाली आहे. विडी कामगार महिलांसाठी येथे उभ्या राहिलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील सुमारे दहा हजार घरे २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी रे नगरमधील १५००० घरे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. हजारोंच्या संख्येने शेजारी असलेल्या अशा वसाहतीत मेंढ्यांच्या कळपाचा विचार कोणी करणार नाही. परंतु तेंदूपत्ता कातरून विड्या वळणारी बाई दारातल्या खुंट्याला एक शेळी बांधू शकते, आणि तिला काय घालायचे या प्रश्नाचे उत्तर बाजारातून येणाऱ्या भाजीच्या देठांत असते. म्हणजे घर जसजसे लहान होत जाते, तसतशी मेंढी प्रथम बाद होते आणि शेळी सर्वांत शेवटी. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात शेळ्या १ कोटी ६ लाखांच्या आणि मेंढ्या २७ लाखांच्या घरात भरल्या, म्हणजे एका मेंढीमागे साधारण चार शेळ्या, याचे कारणही अहवालांपेक्षा अशा खुंट्यांजवळ शोधावे.

आणखी एक कारण असे की शेळी ही बहुतेक घरांत बाईची असते. म्हशीच्या दुधाचे पैसे डेअरीतून पुरुषाच्या खात्यावर जातात. शेळीचे करडू मात्र घरधनीण स्वतः बाजार पाहून, मुलाच्या शाळेच्या आणि दिवाळीच्या तारखा पाहून विकते. घरात शेळी घ्यायला पैसे नसतील तर ती अर्धलीने आणते, म्हणजे शेळी एकीची, राखण दुसरीची आणि होणारी करडे दोघींत निम्मी. या कराराला स्टँप लागत नाही आणि तो मोडल्याचे फारसे ऐकिवात नाही. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने ग्रामीण स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण दिले तेव्हा त्या गावोगाव ‘शेळी डॉक्टर’ म्हणून फिरू लागल्या, याचे आश्चर्य ज्यांना वाटले ते बहुधा म्हशीवाले असावेत. त्यामुळे घरधनी चहाच्या हॉटेलात बसून माडग्याळ घ्यावी की उस्मानाबादी यावर आटपाडीच्या मेंढ्याचा दाखला देत असतो, तोवर घरी एक पाठ (म्हणजे अद्याप न व्यायलेली तरुण शेळी) येऊन बांधलेली असते आणि त्याला तिच्याविषयी एवढेच विचारले जाते की पाला आणला का.

यावरून मेंढीचा कुंभारीशी संबंध संपला असे मात्र समजू नये. सुगी सरली की धनगरांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारी कुटुंबे, शिवारात उतरतात, आणि ज्याला शेताला खत हवे असते तो त्यांच्याशी बोलणी करून रात्रीपुरत्या मेंढ्या शेतात बसवून घेतो. शेकडो मेंढ्यांच्या लेंड्या व मूत्र एका रात्रीत वावरभर पडते, वाहतुकीचा खर्च नाही आणि पसरण्याची मजुरीही नाही. लांडगा, वाघूर, कातरणी, चालणे हे सर्व धनगराकडे राहते आणि मेंढीचा एकमेव निर्विवाद लाभ तेवढा शेतात राहतो. याच्या मोबदल्यात पूर्वी ज्वारी दिली जाई, आता बहुधा रोख द्यावी लागते. रात्रीचा भाव किती, यावर बांधावर उभे राहून घरधनी धनगराशी तासभर हुज्जत घालतो, मेंढ्यांविषयीचे आपले सर्व ज्ञान त्याला ऐकवतो आणि सौदा जमला की पैसे आणायला घरात जातो. ते पैसे मागल्या आठवड्यात विकलेल्या करडाचे असतात आणि डबा कुठे ठेवला आहे हे त्याला विचारावे लागते.